आठवड्याची एक पेनी आणि एक प्रश्न



ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासाचे असतात. आपल्या गटांमधल्या ख्रिस्ती बहिणींपैकी कुणी या दिवसांत मांस-मासळी सोडते, कुणी चहा, कुणी गोडधोड. या चाळीस दिवसांमागची गोष्ट बायबलमध्ये आहे. येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी होता, तेव्हा सैतान त्याला मोहात पाडायला आला. पहिला मोह कसला होता, ठाऊक आहे? भाकरीचा. भूक लागली आहे ना, मग या धोंड्यांच्याच भाकरी कर, असं तो म्हणाला. पुढे देवळाच्या टोकावरून उडी टाकून दाखवण्याचा मोह आला, आणि शेवटी साऱ्या जगाच्या राज्याचा. येशूनं तिन्ही वेळा नकार दिला. मराठी बायबलात याला 'परीक्षा' असा शब्द वापरलाय. मला तो मोहापेक्षा बरा वाटतो. मोह म्हटलं की बाईचं मनच कच्चं, असं लोक धरून चालतात. परीक्षा मात्र कुणालाही चुकत नाही.

येशू अरण्यात एकटा होता. आपली परीक्षा होते ती किराणा दुकानात, आठवडी बाजारात, लग्नाच्या बस्त्यात, आणि कर्जाची रक्कम हातात पडते त्या दिवशी. तिथे टिकून कसं राहायचं, याचं एक उत्तर इंग्लंडमधल्या गरीब ख्रिस्ती लोकांनी 1742 साली शोधून काढलं. मी बी.ए.ला इतिहास शिकले, पण हा इतिहास मला त्या पुस्तकांत भेटला नाही, नंतर वाचायला मिळाला. वाचताना हसूच आलं, कारण ते उत्तर म्हणजे जवळजवळ आपला बचत गट होता.

आधी तिथली परिस्थिती सांगते. त्या काळी लंडनमध्ये जिन नावाची दारू इतकी स्वस्त झाली होती की पुरुषच नव्हे, बायाही तिच्या नादी लागल्या. सरकारनं 1736 आणि 1751 साली कायदे केले. दुसऱ्या कायद्याच्याच साली होगार्थ नावाच्या चित्रकारानं एक चित्र काढलं. त्यात दारूच्या गुंगीतल्या आईच्या हातून मूल खाली पडतंय आणि तिला पत्ता नाही. शहरांभोवती कोळशाच्या खाणी उघडल्या होत्या. खेड्यांतून माणसं तिकडे जायची, पण तिथे ना शाळा, ना चर्च, ना ओळखीचं कुणी. मजूर दिवसभर राबला की शिलिंगभर मिळायचं. एका शिलिंगात बारा पेनी.

या लोकांमध्ये जॉन वेस्ली नावाचे धर्मोपदेशक गेले. 1739 साली ते ब्रिस्टॉलजवळच्या किंग्जवुडच्या खाणकामगारांपुढे उघड्या माळावर बोलले. ऑक्सफर्डला असताना ते आणि त्यांचे मित्र उपास, प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असं सगळं ठरलेल्या वेळी करायचे. त्यावरून लोक त्यांना 'मेथॉडिस्ट', म्हणजे पद्धतशीर माणसं, असं चिडवायचे. चिडवण्याचं तेच नाव पुढे पंथाला पडलं.

पण त्यांच्याआधी त्यांच्या आईबद्दल बोलायला हवं. सुझाना वेस्ली यांना एकोणीस मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. घरात कायम कर्ज. नवरा पाद्री, पण पैशाचा हिशोब त्यांना कधी जमला नाही, एकदा तर कर्जापायी तुरुंगात जाऊन आले. एवढ्या गर्दीत या बाईंनी एक नियम ठेवला होता. आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी. जॉनचा वार गुरुवार. त्या वेळात मूल काय करतंय, मनात काय चाललंय, कशानं बिथरलंय, हे आई विचारायची. नवरा कामासाठी लंडनला गेला की रविवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात मुलांना आणि नोकरांना धर्माचं वाचून दाखवायच्या. शेजारीपाजारी येऊ लागले. 1712 साली ही संख्या दोनशेच्या घरात गेली. नवऱ्यानं पत्रातून हरकत घेतली, बाईमाणसानं असं करणं शोभत नाही म्हणून. त्यांनी उत्तर पाठवलं. थांबवायचं असेल तर इच्छा म्हणून सांगू नका, स्पष्ट हुकूम करा, म्हणजे देवापुढे उभं राहताना त्याचा जाब तुम्हीच द्याल. हुकूम काही आला नाही.

गुरुवारच्या त्या संध्याकाळी जॉनना मोठेपणीही आठवत होत्या.

आता 1742 चा फेब्रुवारी. ब्रिस्टॉलला मेथॉडिस्टांनी सभेसाठी एक इमारत बांधली होती. 'न्यू रूम' म्हणतात तिला, ती आजही उभी आहे. बांधकामाचं कर्ज डोक्यावर होतं. ते कसं फेडायचं म्हणून बैठक बसली. फॉय नावाच्या एका कॅप्टननं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांची तेवढीही ऐपत नाही. तेव्हा फॉय पुन्हा बोलला. सगळ्यांत गरीब अकराजण माझ्याकडे द्या, म्हणाला. मी दर आठवड्याला प्रत्येकाच्या घरी जाईन, ज्याला जमेल त्याची पेनी घेईन, ज्याला जमणार नाही त्याची माझ्या खिशातून भरीन. त्याचं बघून आणखी काहीजण तयार झाले. असे बारा-बाराचे गट पडले. त्यांना 'क्लास' म्हणायचे आणि प्रमुखाला 'लीडर'.

इथपर्यंत ही वसुलीची व्यवस्था होती. पण पेनी गोळा करायला घरोघर फिरणाऱ्या लीडरांना घराच्या आतलं दिसू लागलं. एकाचं बायकोशी कडाक्याचं भांडण चाललेलं, दुसरा दारू पिऊन पडलेला. रविवारी दोघंही प्रार्थनेला सोज्वळ चेहऱ्यानं बसायचे! लीडरांनी येऊन वेस्लींना सांगितलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कर्ज फेडायला काढलेली ही युक्ती भलत्याच कामाची आहे. घरोघर फिरायला वेळ फार जातो आणि एकाच्या घरी सगळ्यांसमोर बोलताही येत नाही, म्हणून पुढे बाराहीजणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. पेनी द्यायची आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं चाललंय?

याहून लहान गटही होते. बायांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, लग्न झालेल्यांचे वेगळे, न झालेल्यांचे वेगळे. त्यांचे प्रश्न 1738 सालीच लिहून ठेवलेले होते. मागच्या भेटीनंतर हातून काय चुकलं, हे तर विचारायचेच. पण त्याच्या जोडीला, कशाचा मोह पडला होता आणि त्यातून सुटलीस कशी, हेही विचारायचे. मला हा दुसरा प्रश्न फार मोलाचा वाटतो. चूक झाल्यावर कबूल करायला लाज वाटते, आणि लाज वाटली की माणूस लपवतो. मोह आला होता पण मी गेले नाही, हे सांगायला लाज नाही वाटत, उलट थोडा अभिमानच वाटतो. आणि ऐकणाऱ्या बाईला वाट कळते. एकजण म्हणाली की पगाराच्या दिवशी मी गुत्त्याच्या गल्लीतून न येता लांबच्या वाटेनं घरी आले, तर दुसरीलाही ती लांबची वाट ठाऊक होते. एकमेकांजवळ चुका कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. त्यावरूनच त्यांनी ही रीत घेतली होती. नियमही होता की पाठीमागे कुणाच्या चुकीबद्दल बोलायचं नाही, आणि कुणी बोलायला लागलं तर तिथेच थांबवायचं. आपल्या बैठकीत हा नियम पाळायचा म्हटला तर अर्धा वेळ वाचेल.

1743 साली वेस्लींनी नियमांची यादी छापली. तीत दारू होती, शिव्या होत्या, भांडणं होती. पण पुढे वाचत गेलं की बाजारच समोर येतो. घेताना-विकताना घासाघीस नको. जकात चुकवून आणलेला माल नको. गैरवाजवी व्याज द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. फेडायची शक्यता दिसत नसेल तर कर्ज काढायचं नाही, उधारीवर माल उचलायचा नाही. सोनं आणि भारी कपडे नकोत. पुढच्या वर्षी लहान गटांसाठी आणखी कडक नियम आले. तपकीर आणि तंबाखू बंद, वैद्यानं सांगितली असेल तरच चालेल. म्हणजे आपल्याकडच्या मिश्रीवाल्या बायांची तिथे पंचाईतच झाली असती. आणि एक नियम असा की काहीही गहाण ठेवायचं नाही, जीव वाचवायलाही नाही.

मला यातलं सगळं पटत नाही. वेस्लींनी किंग्जवुडला शाळा काढली, तिथे मुलांना खेळायची बंदी होती. खेळणं हाही त्यांना मोहच वाटायचा. बाईनं कानात दोन मासे सोनं घातलं म्हणजे ती देवापासून लांब गेली, हेही मी मानणार नाही. अडीअडचणीला बाईच्या हक्काचं तेवढंच असतं. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. मोह म्हणजे काहीतरी मोठं, सिनेमातल्यासारखं पाप, असं त्यांनी धरलं नाही. तो त्यांनी उधारीच्या वहीत पाहिला.

नियम मोडला तर काय व्हायचं? दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला नाव लिहिलेलं तिकीट मिळायचं. ज्याचं वागणं सुधारत नाही त्याला पुढचं तिकीट मिळत नसे. 1743 च्या मार्चमध्ये न्यूकॅसल या कोळशाच्या गावी वेस्लींनी गटांची तपासणी केली आणि 64 जणांना काढलं. कारणं त्यांनी रोजनिशीत मोजून लिहिली आहेत. दारूसाठी 17. दारू विकण्यासाठी 2. शिव्याशापांसाठी 2. रविवार न पाळण्यासाठी 2. मारामारी-कटकटीसाठी 3. खोटं बोलण्याच्या सवयीसाठी 3. चहाड्या आणि निंदेसाठी 4. आळसासाठी 1. बायकोला मारण्यासाठी 1. आणि उरलेले 29 निव्वळ बेफिकिरीसाठी.

या यादीपाशी मी बराच वेळ थांबले. दारूपायी 17 जणांना काढलं त्या गावात बायकोला मारणारा एकच? मारणारे पुष्कळ असतील, पण बोलणारी एकच निघाली असेल, असं मला वाटतं. आणि ते 29 बघा. त्यांनी दारू प्यायली नाही, चोरी केली नाही. त्यांचं लक्ष उडालं, एवढंच. ज्यांनी दहा-बारा वर्षं गट चालवलाय त्यांना हे नवीन नाही. हजेरीपटावरच्या रिकाम्या चौकटी आधी दिसतात, थकलेले हप्ते नंतर.

वेस्ली स्वतःलाही मोकळं सोडत नसत. 1746 साली त्यांनी चहा सोडला. तेव्हा इंग्लंडमध्ये चहा महाग होता, गरीब माणसं पोटाला चिमटा काढून तो प्यायची, आणि कितीतरी जणांचे हात त्यानं कापायला लागलेत असं वेस्लींना वाटत होतं. दुसऱ्यांना सांगायच्या आधी आपण सोडावा, म्हणून सव्वीस वर्षांची सवय मोडली. पहिले तीन दिवस डोकं ठणकत राहिलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत झोप आल्यासारखं व्हायचं, आठवणही राहीना. मग प्रार्थना केली आणि दुसऱ्या सकाळी डोकं उतरलं. ज्या बहिणींनी या उपासात चहा सोडलाय त्यांना हे तीन दिवस नक्की ओळखीचे असतील. वाचलेले पैसे गरिबांसाठी ठेवायचे होते. पुढे काही वर्षांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते पुन्हा चहा प्यायला लागले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, मलाही वाटत नाही.

चोरट्या मालाचं प्रकरण अवघड होतं. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आयव्हज नावाचं गाव आहे. 1753 साली वेस्ली तिथे गेले तेव्हा कळलं की गटातले जवळजवळ सगळेच जकात चुकवलेला माल घेतात नाहीतर विकतात. एखाददुसरा असता तर तिकीट काढून घेता आलं असतं. इथे गावच्या गावच त्यात होतं आणि कुणाला ते चूक वाटतच नव्हतं. वेस्लींनी सांगितलं, हे सोडा, नाहीतर माझं तोंड पुन्हा दिसणार नाही. लोकांनी सोडायचं कबूल केलं. सगळे करतात म्हणून आपणही करायचं, या मोहापुढे गटही कधी कधी कमी पडतो, कारण गटच त्यात सामील असतो.

आता त्या गहाणाच्या नियमाकडे परत येऊ. जीव वाचवायलाही गहाण ठेवायचं नाही, हे ऐकायला क्रूर वाटतं. पोर आजारी असेल तर बाई भांडं गहाण ठेवणारच. वेस्लींना हे दिसत होतं. म्हणून लंडनमध्ये त्यांनी गरिबांसाठी फुकट औषधं देणारा दवाखाना काढला आणि एक उसनवारीचा निधी उभा केला. लोकांकडून तीसेक पौंड जमवले. एका वेळी वीस शिलिंगांपर्यंत, म्हणजे एक पौंडापर्यंत, उसने मिळायचे, बिनव्याजी, आणि तीन महिन्यांत दर आठवड्याला थोडं थोडं करून फेडायचे. तेवढ्या रकमेतून दीड वर्षात अडीचशेच्या वर माणसांची गरज भागली. तेच पैसे फिरत राहिले म्हणून हे झालं. अंतर्गत कर्ज म्हणजे काय हे ज्या बायांना समजावून सांगावं लागतं, त्यांना मी आता हाच हिशोब सांगते.

या सगळ्या इतिहासातला मला सगळ्यांत पटलेला भाग हाच. सावकाराकडे जाऊ नको एवढंच सांगणं सोपं असतं. गरिबाचा मोह पुष्कळदा हौसेपोटी नसतो, नडीपोटी असतो. येशूपुढेही सैतान आधी भाकरीच घेऊन आला होता. म्हणून त्या लोकांनी एक दार बंद करताना शेजारी दुसरं उघडून ठेवलं.

त्या निधीतून 1775 साली जेम्स लॅकिंग्टन नावाच्या चांभारकाम करणाऱ्या तरुणानं पाच पौंड घेतले. तोवर मर्यादा वाढली होती. त्यानं जुन्या पुस्तकांचं दुकान मोठं केलं. पुढे 1780 साली ठरवलं की कुणालाही उधार द्यायचं नाही, नफा थोडा ठेवायचा आणि माल रोखीनं विकायचा. लोक हसले. त्याचं दुकान लंडनमधलं सगळ्यांत मोठ्या पुस्तकांच्या दुकानांपैकी एक झालं. पैसा आल्यावर त्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात याच मेथॉडिस्टांची टर उडवली! म्हातारपणी मात्र पस्तावला, माफी मागणारं पुस्तक लिहिलं आणि त्यांच्यासाठी प्रार्थनामंदिरं बांधून दिली. पाच पौंडांची परतफेड एवढ्यावर गेली.

आणि बाया? बहुतेक ठिकाणी सभासदांत बायाच जास्त होत्या आणि पुष्कळ गटांच्या लीडरही त्याच. सेरा रायन नावाची एक मोलकरीण होती. तिचं आधीचं आयुष्य लोकांच्या दृष्टीनं बदनाम होतं, एकाहून जास्त लग्नं झालेली. 1757 साली वेस्लींनी तिला ब्रिस्टॉलच्या इमारतीची व्यवस्था सांभाळायला नेमलं. खुद्द त्यांच्या बायकोनं त्यावरून आकांडतांडव केलं. पुढे मेरी बोझांक्वे या श्रीमंत घरच्या बाईबरोबर सेरानं अनाथ मुलांचं घर चालवलं. दुसरी सेरा क्रॉस्बी. 1761 साली डर्बी गावात ती आपला गट घ्यायला गेली. तीसेक माणसं येतील असं वाटलं होतं, आली दोनशेच्या आसपास. एवढ्यांना एकेकाला प्रश्न विचारणार कसा? मग ती उभी राहून सगळ्यांशी बोलली, तिला स्वतःला कशाचा मोह पडायचा आणि ती कशी सावरली ते. बाईनं असं बोलणं योग्य का, म्हणून वेस्लींना पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की तू काही वावगं केलं नाहीस. वेस्ली 1791 साली वारले आणि 1803 साली मंडळींच्या परिषदेनं बायांच्या प्रवचनांवर बंधन घातलं. सुझानाच्या नवऱ्यानं जो हुकूम दिला नव्हता, तो परिषदेनं नव्वद वर्षांनी दिला.

पुढे गटही ढिले पडत गेले. दारू सुटली, कष्ट वाढले, हिशोब नीट झाला, त्यामुळे माणसांच्या हातात पैसा आला. वेस्लींना म्हातारपणी हीच काळजी होती की काटकसरीतून श्रीमंती येते आणि श्रीमंतीबरोबर नवे मोह. ऑक्सफर्डची एक आठवण ते सांगत. एका कडाक्याच्या थंडीत त्यांच्या शाळेतली एक गरीब मुलगी पातळ झग्यात कुडकुडत त्यांच्याकडे आली. तिला काही द्यावं म्हणून त्यांनी खिशात हात घातला तर पैसे जवळजवळ संपलेले. खोलीच्या भिंती सजवण्यात ते खर्च झाले होते. त्यानंतर मिळकत वाढली तरी खर्च वाढवायचा नाही, उरेल ते द्यायचं, असं त्यांनी आयुष्यभर पाळलं. त्यांच्या पाठीमागून आलेल्यांना ते इतकं जमलं नाही. आठवड्याच्या प्रश्नाला पाठ केलेली उत्तरं मिळू लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कितीतरी गट नुसते कागदावर राहिले.

ही रीत आपल्याकडेही आली. 1871 साली विल्यम टेलर नावाचे मेथॉडिस्ट प्रचारक मुंबईला आले आणि त्यांनी लोकांच्या घरांमध्ये असे लहान गट बसवले. त्यातूनच मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. आधीपासून मुंबईत असलेले जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. या बोवेननी मिशनचा पगार घ्यायचा कधीच सोडून दिला होता आणि शहरातल्या गरीब वस्तीत ते अगदी थोडक्यात राहत. आपल्या भागात मेथॉडिस्ट चर्च असेल तर तिथल्या एखाद्या वयस्क बहिणीला विचारा, तुमच्याकडे 'क्लास मीटिंग' व्हायची का. आठवण निघाली तर आपल्या पुढच्या बैठकीत सांगायला त्यांना घेऊन या.